मोडाच्या नाचणीचं सत्त्व: बाळाच्या वाटीत पाणी नको, अन्न हवं

उष्टावण झालं की घरात एकच प्रश्न फिरत राहतो, आता बाळाला द्यायचं काय? बहुतेक घरांत उत्तरही ठरलेलं असतं: वरणावरचं पाणी, भाताची निवळ, नाहीतर दुधासारखी पातळ नाचणी. पातळ का, तर बाळाला पचायला हवं. गडबड इथेच होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत त्या ३०० होतात आणि वर्षापासून दोन वर्षांपर्यंत ५५० च्या घरात जातात. पोट मात्र एवढंसं. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी, यापलीकडे एका वेळी जात नाही. तेवढ्या जागेत पाणीच भरलं तर बाळ ढेकर देतं, झोपतं, आपल्याला वाटतं पोट भरलं. वजनकाट्यावर महिना-दोन महिन्यांनी कळतं की भरलं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. हा आकडा फक्त टंचाईचा नाही. डाळ, तांदूळ, तूप सगळं असलेल्या घरातही वाटी पाणचट असते.

नाचणीचं सत्त्व यावरचा आपल्याकडचा जुना आणि पक्का उपाय आहे, पण मोड आणून केलं तरच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात ते दहाच्या आसपास. हे आता सगळ्यांना माहीत आहे, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर जास्तच. मोड का आणायचे हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

साधं नाचणीचं पीठ शिजवलं की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. दोन चमचे पीठ घातलं तर पिठल्यासारखा गोळा होतो, म्हणून आई एकच चमचा घालते आणि पाणी वाढवते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर तेवढ्याच पाण्यात दुप्पट पीठ सामावून घेते आणि तरी चमच्यावरून सरकते. शिवाय लोहाला धरून ठेवणारं फायटेट मोड आल्याने कमी होतं, म्हणजे जे लोह आहे ते अंगी जास्त लागतं.

धान्य निवडताना

नवी नाचणी दिवाळीच्या सुमाराला बाजारात येते. कोकण, कोल्हापूर, नाशिककडची मिळाली तर उत्तम. नाशिककडे तिला नागली म्हणतात, दुकानात तेच नाव सांगा. वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या किंवा पॉलिश केलेल्या नाचणीला नीट मोड येत नाहीत. मुठीत घेऊन वास घ्या, कुबट वास आला तर नको.

एक गोष्ट जपून पाळायची. कृषी सेवा केंद्रातली पेरणीची नाचणी खाण्यासाठी कधीही आणायची नाही. "बियाण्याची आहे, मोड छान येतील" असं कुणी सांगेल, पण त्या दाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही.

पहिल्यांदा अर्धा किलोच करा. त्याचं चाळणीप्रमाणे ३५० ते ४२५ ग्रॅम सत्त्व पडतं आणि दिवसाला एक वेळ धरली तर एका बाळाला तीन-चार आठवडे, दोन वेळा दिलं तर साधारण दोन आठवडे पुरतं. पावसाळ्यात पाव किलोच्या वर जाऊ नका.

धुणं, भिजवणं, मोड

नाचणीत बारीक खडा असतो आणि तो दाण्याएवढाच, दाण्याच्याच रंगाचा असतो. पाखडून तो जात नाही, रोळावाच लागतो. खोलगट पातेल्यात नाचणी आणि भरपूर पाणी घ्या, पातेलं गोल हलवत वरचे दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओता. खडे जड, ते तळाशी राहतात. शेवटचा चमचाभर दाणा खड्यांसकट टाकून द्या, त्याचा मोह नको. असं पाच-सहा पाण्यांतून काढलं की पाणी निवळशंख दिसतं.

मग दहा-बारा तास भिजत घाला. उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला, नाहीतर फेस येतो. उपसून चाळणीत अर्धा-पाऊण तास निथळू द्या. हे निथळणं बरेच जण टाळतात आणि मोडाऐवजी आंबूस वास येतो. दाण्याला ओल हवी, पण भोवती पाणी साचलं की हवा पोचत नाही आणि आंबवणारे जंतू माजतात. निथळलेली नाचणी ओल्या करून पिळलेल्या मलमलच्या फडक्यात सैल बांधा. गच्च पुरचुंडी बांधली तर आतले दाणे गरम होऊन चिकट होतात. पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताट झाका आणि सहा-आठ तासांनी फडक्यावर पाण्याचा हबका मारा.

उन्हाळ्यात २४ तासांत, थंडीत ३६ ते ४८ तासांत मोड येतात. तांबड्या दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, मग त्यातून दोन ते चार मिलिमीटरचा, तिळाएवढा कोंब निघतो. तेवढ्यावर थांबायचं. कोंब लांब वाढून एकमेकांत गुंतले तर दाण्यातलं सत्त्व कोंबात खर्च होतं आणि पीठ कडवट लागतं. चार बोटांनी उचलून बघा: दाणे सुटे, वास ओल्या मातीसारखा, म्हणजे ठीक. बोटाला तार येते, वास ताकासारखा किंवा वाईट येतो, कुठे राखाडी-काळी बुरशी दिसते, तर सगळी पुरचुंडी टाकून द्यायची. धुऊन, भाजून वाचवायचा प्रयत्न करू नका. मोठ्यांच्या आंबिलीत आंबूसपणा चालतो, तो मुद्दाम आणलेला असतो. इथे काय वाढलंय ते आपल्याला माहीत नसतं.

वाळवणं

बिघडतं ते बहुधा या पायरीला. परातीत किंवा सुती कापडावर एकेरी थर पसरा, वर दुसरं विरळ कापड टाका. ऊन चांगलं असेल तर पहिला दिवस उन्हात, दुसरा सावलीत. फ्लॅटमध्ये ऊन नसेल तर पंख्याखाली दीड-दोन दिवस, दर दोन तासांनी हात फिरवत. पावसाळी हवेत दाणा वरून कोरडा आणि आतून दमट राहतो, आणि अशा दाण्याचं पीठ आठवड्यात जाळं धरतं.

दोन परीक्षा करून बघा. दाणा दाताखाली धरल्यावर कटकन तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. मग मूठभर दाणे काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. आतून काच धुरकटली तर अजून ओल आहे.

वाळलेले दाणे दोन तळव्यांत चोळले की वाळके कोंब मिशांसारखे सुटतात. ते पाखडून टाका, थोडा कडवटपणा तिथेच असतो.

आता भाजायचं की नाही? पुष्कळ घरांत खमंग भाजतात आणि वासाला ते छानच. पण कढईतल्या तापमानाला अमायलेज मरतं, म्हणजे ज्यासाठी तीन दिवस खपलो ते जातं. शिजवताना पुन्हा घट्ट गोळा होतो आणि आई पुन्हा पाणी वाढवते. म्हणून भाजू नका. पावसाळ्यात ओल घालवायलाच हवी असेल तर मंद आचेवर तीन-चार मिनिटं, दाणा हाताला सोसेल इतपतच कोमट करा.

दळणं आणि चाळणं

अर्धा किलो मिक्सरच्या लहान भांड्यात चार-पाच हप्त्यांत होतं. सलग फिरवलं तर पीठ तापतं, म्हणून अर्ध्या मिनिटाने थांबत फिरवा. गिरणीत द्यायचं असेल तर तांदळाच्या दळणानंतर टाकायला सांगा. गहू किंवा हरभऱ्यानंतर टाकलं तर आधीचं पीठ मिसळतं, आणि बाळाला काही सोसलं नाही तर नक्की कशामुळे, ते कळत नाही.

चाळण्यात थोडी निवड आहे. वस्त्रगाळ पीठ मऊसूत होतं, पण नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं आणि साल फडक्यावर राहते. सहा ते आठ महिन्यांपर्यंत वस्त्रगाळ ठीक, घशात कोंडा टोचत नाही. त्यानंतर मैद्याच्या बारीक चाळणीने चाळलेलं पुरे. काही ठिकाणी भिजलेली नाचणी पाण्यात वाटून, गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात आणि त्यालाही सत्त्वच म्हणतात. तो बहुतांश स्टार्च आहे. पचायला हलका, पण रोजच्या वाटीसाठी तो निवडू नका.

बदाम, काजू, खारीक, वेलदोडा हे सगळं पिठातच दळून ठेवायची पद्धत आहे. ती मोडा. सुक्यामेव्याच्या तेलाने पीठ लवकर खवट होतं, आणि बदामाची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर ती पहिल्यांदा कळते तेव्हा बाटलीभर पीठ वाया गेलेलं असतं. सुकामेवा वेगळा, ताजा कुटून, चिमूटभरापासून सुरू करा.

डाळीची जोड मात्र द्यावी. धान्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर. चार वाट्या नाचणीला एक वाटी हिरवे मूग हे प्रमाण चांगलं. मूग वेगळे भिजवा आणि वेगळेच मोड आणा, कारण त्यांना नाचणीपेक्षा निम्मा वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस नुसती नाचणी द्या, मूग नंतर मिसळा. कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण, बरणीवर दळल्याची तारीख, ओला चमचा आत नाही. बाहेर तीन-चार आठवडे, फ्रिजमध्ये दोन महिने टिकतं.

शिजवणं

एका वेळेसाठी सत्त्व दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि पाणी १५० मिलिलिटर. वर साजूक तूप एक लहान चमचा.

पीठ आधी थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. पातेलं मंद आचेवर ठेवा आणि पळी तळाला लावून ढवळत राहा. पहिली चार-पाच मिनिटं घाई नको. पाणी कोमटापासून चांगलं गरम होण्याच्या टप्प्यात अमायलेज आपलं काम करतं. मिश्रण आधी दाट होऊ लागतं आणि मग पळीखाली सैल पडतं, हे डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर आच वाढवून उकळी आणा आणि पाच-सात मिनिटं रटरटू द्या. कच्च्या मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, त्यामुळे उकळी टाळायची नाही. रंग फिका विटकरीवरून गडद चॉकलेटी झाला, वर चकाकी आली आणि कच्चट वास गेला की उतरवा. तूप वरून घाला.

उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तर दोन गोष्टी एकदम बिघडतात. वरचा थर लगेच शिजून आत कोरडं पीठ अडकतं, ती गुठळी. आणि विकर काम करण्याआधीच मरतं, तो गोळा. "मोडाचं पीठ घेतलं तरी घट्टच होतं" अशी तक्रार असेल तर पीठ भाजलेलं आहे किंवा पाणी उकळतं घेतलंय, या दोनांपैकी एक कारण निघतं.

तयार खीर सव्वाशे मिलिलिटरच्या आत बसते. पिठाच्या ५० आणि तुपाच्या ४० धरून त्यात ९० च्या आसपास किलोकॅलरी येतात. दिवसातून दोनदा दिली की २०० च्या जवळ पोचतो. एक चमचा पीठ, तूप नाही, वर पाणी सढळ, असं केलं तर तेवढ्याच वाटीत २५ किलोकॅलरी असतात. तूप म्हणूनच वगळायचं नाही. ते चवीपुरतं नाही, वाटीतली जवळजवळ निम्मी शक्ती त्याचीच आहे.

दाटपणा बघायची सोपी खूण: चमचा तिरका केला की खीर हळूच सरकावी, धारेने गळू नये. बाटलीत भरून मोठ्या भोकाच्या बुचातून पाजण्याइतकी पातळ तर कधीच नको. बाळाला चावणं शिकायचं असतं, ते बाटलीतून येत नाही, आणि बाटली नीट उकळली जात नाही तिथे जुलाब ठरलेले.

भरवताना वाटीतली खीर पाच-दहा मिनिटांत पाण्यासारखी होते, हे पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. पीठ खराब नसतं. बाळाच्या तोंडातला चमचा परत वाटीत जातो आणि लाळेतलं अमायलेज खीर पातळ करतं. म्हणून अर्धी खीर वेगळ्या वाटीत काढून तेवढीच भरवा. उष्टी उरली तर ती फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी द्यायची नाही.

वाटी पुढे नेताना

सहा महिने पूर्ण झाल्यावर दिवसातून दोनदा, दोन-तीन मोठे चमचे. जिभेने बाहेर ढकलणं ही सुरुवातीची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, नावड नव्हे. आठ-दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी समोर आल्यावर एखादी चव घेतली जाते. नवा पदार्थ सकाळी द्या आणि तीन दिवस दुसरा नवा नको. आठव्या महिन्यापर्यंत वाटी अर्धी झालेली असावी आणि खीर चमच्यावर टिकणारी. नवव्या महिन्यात तीन-चार वेळा, गुठळ्या-कणांसकट. सगळं मिक्सरमधून काढायची सवय दहाव्या महिन्याच्या पुढे गेली की मुलं कणाला ओकारी काढतात, आणि ती सवय मोडणं अवघड जातं. वर्षाचं मूल घरातलंच जेवतं, फक्त तिखट-मीठ घालण्याआधी त्याचं काढून ठेवायचं.

नाचणी एकटी पुरत नाही. वरणाचं पाणी द्यायच्या ऐवजी मऊ खिचडी द्या: तांदूळ ३० ग्रॅम, मुगडाळ १५ ग्रॅम, दोन फोडी लाल भोपळा किंवा गाजर, एक वाटी पाणी. चिमूटभर हळद घालून कुकरला चार शिट्ट्या, पळीने घोटून दोन लहान चमचे तूप. हे दोन वेळचं होतं. डाळ घोटून पोटात गेली पाहिजे, वरचं पाणी काढून नव्हे. पाण्यात डाळीचा रंग येतो, प्रथिनं तळाशीच राहतात.

लोहाकडे जास्त लक्ष द्या, कारण त्याच सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. अंडं घरात चालत असेल तर सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही, चमच्यापासून सुरू करा. काटा नीट काढलेला मासा, कोंबडीची कलेजी शिजवून कुस्करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना अंडी, मासे, मांस यांतलं काहीतरी रोज मिळावं असं सांगितलं आहे. शाकाहारी घरात कडधान्याचं प्रमाण वाढवा, खिचडीवर लिंबाचे चार-पाच थेंब पिळा, ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह चांगलं शोषलं जातं, आणि पुरवणीच्या लोहाच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र पूर्ण बंद. चहातलं टॅनिन लोह अडवतं, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि बाळाची भूक मेलेली.

वर्षाच्या आत मीठ नको, साखर नको. गूळही साखरच आहे, त्यातल्या लोहाच्या नावाने तो आत येऊ देऊ नका. खिरीला गोडी हवी तर उकडलेलं सफरचंद, पिकलेलं केळं किंवा चिकू कुस्करा. मध वर्षाच्या आत एक थेंबही नाही, बाळगुटीच्या चाटणातही नाही. त्यात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि लहान बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. आजीला हे पटवताना सुनेने एकटीने वाद घालू नये. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांसमोरच प्रश्न काढावा, तो तिथे लवकर मिटतो.

गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून नको, त्यात लोह फार कमी. खीर पाण्यातच शिजवा.

संक्रांतीनंतर येणारं बोरन्हाण हा या वयातला आनंदाचा सोहळा आहे, पण डोक्यावरून ओतलेली बोरं, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, रेवड्या, गोळ्या जमिनीवर पडतात आणि रांगणारं बाळ त्या तोंडात घालतं. शेंगदाणा आणि बोराची बी श्वासनलिकेत बरोबर अडकायच्या मापाची असते. नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता, बाकीचं मोठ्या मुलांच्या हातात द्या, आणि बाळाला खाली सोडायच्या आधी चादर सगळी उचलून घ्या.

पाकिटाचं आणि बातम्यांचं

एप्रिल २०२४ मध्ये एका स्विस संस्थेचा अहवाल आला. एका मोठ्या कंपनीच्या, भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या सिरीयलमध्ये वरून साखर घातलेली होती, आणि तिच्याच युरोपातल्या तशा उत्पादनांत ती नव्हती. त्यानंतर साखर न घातलेले प्रकार बाजारात आले. याचा घरात उपयोग एवढाच, की डब्याच्या पुढच्या बाजूवरचं चित्र सोडून मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या तीन-चार नावांत साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, फळांचा आटवलेला रस यांतलं काही दिसलं तर डबा परत ठेवा. ‘ॲडेड शुगर’ची ओळ वेगळी बघा, ‘टोटल शुगर’मध्ये दुधाची नैसर्गिक साखरही येते.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. मोबाइलवर गोड आवाजात कुणी ‘बाळाचं वजन वाढवणारं’ सत्त्व विकत असेल तर हे लक्षात ठेवा. बचत गटाचं किंवा ओळखीच्या बाईंचं सत्त्व घ्यायला हरकत नाही. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, दळल्याची तारीख आणि घटकांची यादी असावी, आणि मोड आणले होते का, भाजलं होतं का, हे विचारून घ्या.

घरात चार-पाच वर्षांचं मोठं भावंड असेल तर हेच सत्त्व दुधात शिजवून, एक लहान चमचा कोको आणि खारकेची पूड घालून त्याला द्या. चॉकलेटी पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्राने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं. नाव बदललं तरी त्यांच्यातली साखर तीच आहे.

सर्दी, शी, जुलाब

सर्दीत नाचणी थंड म्हणून बंद करतात. गरम खिरीने सर्दी वाढत नाही, उलट आजारात आणि नंतरचे दोन आठवडे एखादी वाटी जास्तच द्यावी लागते. नाचणीने शी गडद होते, त्याला घाबरू नका. शी कडक झाली तर खिरीतलं तूप कमी पडतंय का ते बघा, जेवणानंतर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-तीन घोट आणि पिकलेली पपई द्या.

जुलाब झाले तर अंगावरचं दूध आणि वाटी दोन्ही चालू ठेवा, निव्वळ पेजेवर ठेवू नका. सोबत ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-ग्लुकोजची पुडी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. खोक्यातल्या गोड पेयांवर तो छापला जात होता म्हणून. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, गोड फळपेयांत साखर १०० ग्रॅमच्या आसपास. एवढी साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढवते. केमिस्टकडून पुडीच घ्या, तिच्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. एक लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. निम्मी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली तर मीठ कमी-जास्त होतं आणि ते बाळाला धोक्याचं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, दर मिनिटाला एक चमचा या बेताने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. झिंकचा डोस डॉक्टर सांगतील, तो जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरा करायचा. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, शीत रक्त आहे, बाळ मलूल पडलंय किंवा पाणीही घेत नाही, यांतलं एकही दिसलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. कालवलेलं ओआरएस २४ तासांनी ओतून द्या आणि नवी पुडी फोडा.